स्कॉट्सडेलमध्ये भाड्याचं घर: पाहा फेब्रुवारीत, निवडा जुलैसाठी

आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमधलं पहिलं घर फेब्रुवारीत पाहिलं. सकाळचे दहा वाजलेले, अंगात पातळ स्वेटर, मागच्या अंगणात संत्र्याचं झाड फळांनी वाकलेलं आणि लांबवर मॅक्डॉवेलचे डोंगर. हॉलची पश्चिमेकडची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची होती. मी तिथल्या तिथे होकार दिला. जुलैत एकदा दुपारी चारनंतर त्याच काचेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्या घरात आम्ही दोन उन्हाळे काढले आणि दोन्ही उन्हाळे संध्याकाळी हॉल सोडून मुलीच्या खोलीत बसायचो, कारण ती खोली पूर्वेला होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. 2015 पासून मी इथे आहे, भाड्याची तीन घरं झाली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत मिनेसोटाहून किंवा कॅनडाहून फक्त हिवाळ्यापुरते येणारे आजी-आजोबा असतात, तशीच नोकरीसाठी नुकती आलेली तरुण जोडपीही असतात. घराचा विषय निघाला की प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते: घर वाटेल तेव्हा पाहा, पण निवडताना जुलैचा विचार करा. इथला हिवाळा कुठल्याही घरात सुखाचा जातो. उन्हाळा मात्र घर बघूनच जातो.

आकडे सांगते म्हणजे कल्पना येईल. शेजारच्या फीनिक्समध्ये 2023 साली 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. म्हणजे 43 सेल्सिअसच्या पुढे, महिनाभर, एक दिवसही सुटका नाही. त्याच्या पुढच्या वर्षी 100 फॅरनहाइट किंवा त्याच्या वरचे सलग 113 दिवस झाले. रात्रही थंड होत नाही, कारण डांबर आणि काँक्रीट दिवसभराची धग पहाटेपर्यंत सोडत राहतं.

आधी शहराचा नकाशा डोक्यात बसवा. स्कॉट्सडेल दक्षिणोत्तर लांब पट्टी आहे, जवळजवळ 31 मैल, आणि रुंदीला त्या मानाने अगदी कमी. दक्षिणेला जुनी, बैठी, तुलनेने स्वस्त घरं. मग ओल्ड टाउन, म्हणजे आर्ट गॅलऱ्या, हॉटेलं, रात्रीचा गजबजाट. त्याच्या वर मॅकॉर्मिक रँच आणि गेनी रँच, तिथे तळी, झाडी, सायकलच्या वाटा. शे बुलेव्हार्ड ओलांडलं की जमीन चढत जाते आणि डीसी रँच, ग्रेहॉक, ट्रून अशा गोल्फच्या वसाहती लागतात. उत्तरेला उंचीमुळे हवा थोडी थंड असते, पण दूध आणायलाही गाडी काढावी लागते. एकच गाडी असेल तर ओल्ड टाउनपासून मॅकॉर्मिक रँचपर्यंतचा पट्टा बघा. गावातली ट्रॉली बस फुकट आहे. इंडियन बेंड वॉशचा हिरवा पट्टा 11 मैल लांब आहे, त्यातून सायकलने बरंच फिरता येतं. हा पट्टा म्हणजे खरं तर पुराचं पाणी वाहून न्यायची जागा. तिथे काँक्रीटचा कालवा काढायचं घाटत होतं, पण लोकांनी आग्रह धरून बागा आणि तळी करून घेतली. पाऊस नसतो तेव्हा मुलं खेळतात, पूर आला की पाणी बागेतून वाहून जातं. या शहराची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

पत्त्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 85254 या पिनकोडावर ‘स्कॉट्सडेल’ लिहिलेलं असतं, पण त्यातला बहुतेक भाग फीनिक्स शहराच्या हद्दीत येतो, म्हणजे पाणी आणि कचरा फीनिक्सकडे. राहायला तो भाग चांगला आहे, फक्त माहीत असलेलं बरं. शाळेचंही तसंच. एकाच शहरात स्कॉट्सडेल युनिफाइड, पॅराडाइज व्हॅली युनिफाइड आणि अगदी उत्तरेला केव्ह क्रीक युनिफाइड असे वेगवेगळे शाळा-जिल्हे येतात. मुलं असतील तर त्या नेमक्या पत्त्याला कुठली शाळा लागते ते जिल्ह्याच्या साइटवर तपासा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. ईशान्येला रिओ व्हर्डे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. पत्ता स्कॉट्सडेलचा, पण शहराच्या हद्दीबाहेर. तिथल्या कित्येक घरांना टँकरचं पाणी लागतं. 1 जानेवारी 2023 पासून स्कॉट्सडेलने त्यांचे टँकर भरून देणं बंद केलं आणि लोकांनी काही महिने पावसाचं पाणी साठवून आणि कागदी ताटल्या वापरून काढले. नंतर तोडगा निघाला, पण तेव्हापासून मोठं अंगण आणि कमी भाडं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: पाणी कुठून येतं?

भाड्याचा हंगाम कळला की पैसे वाचतात. जानेवारीत बॅरेट-जॅक्सनचा जुन्या मोटारींचा लिलाव, फेब्रुवारीच्या सुमाराला फीनिक्स ओपनचं गोल्फ, मग मार्चभर बेसबॉलचं स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचे सराव सामने. जानेवारी ते एप्रिल सामानासकटची घरं महिन्याच्या हिशोबाने जातात आणि दर चढेच असतात. काही घरमालक उन्हाळ्यात कमी दराने भाडेकरू ठेवतात आणि लीज, म्हणजे भाडेकरार, मुद्दाम डिसेंबरअखेर संपेल अशी लिहितात, म्हणजे हंगामात घर मोकळं. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी लीजवर ‘सात महिने’ दिसलं आणि मी विचारलं तेव्हा हे कळलं. वर्षभर राहायचं असेल तर पूर्ण 12 महिन्यांची लीज मागा, आणि जमल्यास ती जून ते ऑगस्टमध्ये सुरू करा. तेव्हा घरं रिकामी असतात आणि बोलणी करायला जागा असते. सामान हलवायचं मात्र पहाटे पाच ते नऊ. माझ्या देवघरातल्या मेणबत्त्या आणि मुलीचे क्रेऑन गाडीत वितळून एकत्र झाले होते.

घर पाहायला जाल तेव्हा फोनमधलं होकायंत्र उघडा. पश्चिमेला काय आहे? गॅरेज, बाथरूम किंवा खिडकी नसलेली भिंत असेल तर उत्तम. झोपायची खोली किंवा मोठ्या काचा असतील तर बाहेरून उन्हाच्या जाळ्या लावल्या आहेत का ते बघा. पडद्यांनी भागत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. ते बाहेरच अडवावं लागतं. जमलं तर त्याच घरी दुसऱ्यांदा संध्याकाळी चारला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. उन्हाळ्यात त्या भिंतीबद्दल आणखी काही तपासायची गरज राहत नाही, तो हात सगळं सांगतो.

त्यानंतर एसी. बाहेर ठेवलेल्या यंत्रावर एक छोटी पाटी असते, तिच्यावर बनवल्याचं साल असतं. तिचा फोटो काढा. आत थर्मोस्टॅट पाच अंश खाली करा आणि घर फिरून या. वीस मिनिटांनी सगळ्यात लांबच्या खोलीत गार हवा येते का बघा. हवा ओढणारी जाळी उघडून फिल्टर बघा. तो राखाडी गोधडीसारखा झाला असेल तर त्या घराची निगा कशी राखली आहे ते कळलं. दुमजली घरात वर आणि खाली वेगळे एसी असले तर चांगलं, नाहीतर वरचा मजला जुलैत वापरता येत नाही. जुन्या घरांत अजून कधी कधी पाण्यावरचा कूलर असतो. जूनच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, पण पावसाळी दमट हवा सुरू झाली की काही उपयोगाचा नाही. नुसत्या कूलरवर घर घेऊ नका.

आणि घरमालकाकडे गेल्या जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल मागा. मागायला संकोच करू नका. आमच्या पहिल्या घरी जुलैचं बिल मार्चच्या साडेतीन पट आलं होतं. वीज कंपनी आपल्याला निवडता येत नाही, ती पत्त्यावरून ठरते: दक्षिणेकडे बहुतेक एसआरपी, उत्तरेकडे बहुतेक एपीएस. निवडता येतो तो प्लॅन. एपीएसच्या वेळेनुसार दराच्या प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी चार ते संध्याकाळी सात वीज महाग असते. मी दोन वाजल्यापासून घर 74 फॅरनहाइटपर्यंत गार करून घेते, चारला थर्मोस्टॅट 80 वर नेते आणि सातपर्यंत पडदे लावून बसते. ड्रायर, ओव्हन, भांड्यांचं मशीन, सगळं सातनंतर. एका प्लॅनमध्ये ‘डिमांड चार्ज’ असतो, म्हणजे त्या महाग वेळेतल्या ज्या एका तासात तुम्ही सगळ्यात जास्त वीज ओढली त्याचा वेगळा आकार. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो प्लॅन घेऊ नका. एका विसरलेल्या संध्याकाळीच महिन्याचं गणित बिघडतं.

आता कागदपत्रं. ऑनलाइन दिसलेलं घर फारच स्वस्त असेल आणि समोरचा आधी पैसे पाठवा म्हणत असेल तर मॅरिकोपा काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) असेसरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या साइटवर पत्ता टाका. घराच्या मालकाचं नाव तिथे कोणालाही दिसतं. एजंट म्हणवणाऱ्याचं लायसन्स ॲरिझोनाच्या रिअल इस्टेट खात्याच्या साइटवर शोधता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या एका पेशंटचं डिपॉझिट असंच बुडालं. घर खरं होतं, चाव्या देणारा खोटा होता.

राज्याच्या कायद्यानुसार डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. भाडं 2000 डॉलर असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त 3000. नवीन आलेल्यांचा क्रेडिट स्कोअर नसतो, तेव्हा ऑफर लेटर आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवा. आपण होऊन काही महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ केलं तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. कुठलीही फी परत मिळणार नसेल तर तसं लेखी असावं लागतं, लिहिलेलं नसेल तर ती परतीचीच. पूर्वी भाड्यावर शहराचा कर लागायचा. तीस दिवस किंवा जास्त मुदतीच्या भाड्यावरचा तो कर 1 जानेवारी 2025 पासून राज्यभर बंद झाला आहे, तेव्हा जुन्या छापील लीजमध्ये ती ओळ राहिली असेल तर खोडायला सांगा.

राहायला जाताना घराच्या स्थितीचा फॉर्म घरमालकाने द्यायचा असतो. तो भरायला अख्खी संध्याकाळ द्या. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक फुटकी टाइल, दाराखालची फट, सगळं लिहा, फोटो काढा आणि ते स्वतःलाच ईमेल करा म्हणजे तारीख राहते. घर सोडताना पाहणीच्या वेळी हजर राहायचा तुम्हाला हक्क आहे. चाव्या देताना डिपॉझिटची लेखी मागणी करा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून 14 दिवसांत पैसे किंवा कापलेल्या रकमेची यादी मिळायला हवी. आणि घरमालकाला आत यायचं असेल तर तातडीचा प्रसंग सोडून दोन दिवस आधी कळवावं लागतं.

जुलै 2023 मधली एक शुक्रवारची रात्र मी विसरणार नाही. नऊ वाजता एसीचा आवाज चालू, पण जाळीतून येणारी हवा कोमट. थर्मोस्टॅटवर 86. दहाला 88, बारा वाजता 93. बाहेरचं यंत्र नुसतं गुणगुणत होतं, पंखा फिरत नव्हता. घरमालकाला फोन केला, तो म्हणाला सोमवारी बघू. मी त्याच क्षणी ईमेल लिहिला: किती वाजता बंद पडलं, घरात किती तापमान आहे, लहान मुलगी आहे, दुरुस्ती होईपर्यंत आम्ही हॉटेलात जात आहोत. सोबत थर्मोस्टॅटचा फोटो. ॲरिझोनाच्या कायद्यात गारवा ही अत्यावश्यक सेवा आहे. लेखी कळवूनही ती मिळाली नाही आणि तुम्ही दुसरीकडे राहिलात, तर तेवढ्या दिवसांचं भाडं लागत नाही. लेखी हा शब्द महत्त्वाचा. रविवारी मेकॅनिक आला. त्याने आतून मुठीएवढा डबा काढून माझ्या हातात दिला. वरचं सपाट झाकण पुरीसारखं फुगलेलं. तो कपॅसिटर, यंत्राच्या मोटरला विजेचा जोर देणारा भाग. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त हाच जातो आणि बदलायला वीस मिनिटं लागतात. दोन दिवसांचं भाडं कापून घेताना घरमालकाने कुरकुर केली, पण ईमेल बघून गप्प बसला.

पूल असलेलं घर सगळ्यांना हवं असतं. पाणी, क्लोरीन, पंपाची वीज आणि दर आठवड्याची साफसफाई कोणाकडे, ते लीजमध्ये लिहून घ्या. आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर निदान पाच फुटांचं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि वर लावलेली कडी, किंवा कायद्याने मान्य केलेली दुसरी सोय असल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकू नका. ‘आम्ही लक्ष ठेवू’ म्हणणाऱ्या आईबापांशी मी हात जोडून बोलले आहे. मूल बुडताना आवाज होत नाही. कुंपण नसेल तर पूल नसलेलं घर घ्या.

बऱ्याच वसाहतींत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असते. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, कचऱ्याचा डबा ठरावीक दिवशीच रस्त्यावर, पाहुण्यांची गाडी रात्री कुठे लावायची याचेही नियम. दंड घरमालकाला होतो आणि तो तुमच्याकडून वसूल करतो, म्हणून सही करण्याआधी नियमांची प्रत मागा. ओल्ड टाउनच्या आसपास आणखी एक तपासणी करा. लग्नाआधीच्या पार्ट्यांसाठी इथे देशभरातून पोरं-पोरी येतात आणि दोन-तीन दिवसांसाठी घरं घेतात. राज्याच्या कायद्यामुळे शहराला अशी घरं सरसकट बंद करता येत नाहीत, फक्त परवाना बंधनकारक करता येतो. शुक्रवारी रात्री अकराला त्या गल्लीत जाऊन दहा मिनिटं उभं राहा.

राहायला लागल्यावरच्या काही गोष्टी. उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी येतं, बाळाला अंघोळ घालताना आधी हात घालून बघा. डांबरावर अनवाणी पाय भाजतो, कुत्र्याचाही. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांतच दगा देते. जून ते सप्टेंबर इथेही मान्सून असतो, पण तो आपल्या वळवासारखा, अचानक आणि आडदांड. आधी धुळीची भिंत येते, तिला हबूब म्हणतात. गाडी चालवत असाल तर रस्त्याच्या बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा, म्हणजे मागचा तुमचे दिवे बघून तुमच्यावर येणार नाही. कोरडे ओढे मिनिटांत भरतात. अडथळे लावलेल्या पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो, कायदाच आहे. त्या पावसानंतर क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो तो मृद्गंधाहून वेगळा, किंचित औषधी, आणि आता मला तितकाच जवळचा.

खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे हटला नाही तर डॉक्टरांना स्वतःहून ‘व्हॅली फीव्हर’ची तपासणी करायला सांगा. इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होतो, धुळीतून फुफ्फुसात जातो आणि नुसता न्यूमोनिया समजून औषधं दिली जातात. माझ्या पेशंटांमध्ये हे मी स्वतः पाहिलं आहे.

चाव्या मिळाल्या की पहिल्या रात्री तीन कामं करा. पाणी बंद करायचा मुख्य कॉक आणि एसीचा ब्रेकर शोधून ठेवा. एसीचा नवा फिल्टर घाला आणि त्याच्या कडेवर तारीख लिहा, उन्हाळ्यात दर महिन्याला बदलायचा आहे. आणि अंधार पडल्यावर जांभळ्या प्रकाशाची यूव्ही टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी मारा. विंचू त्या प्रकाशात हिरवे चमकतात. भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याच्या मीटरच्या डब्यात, दाराच्या चौकटीपाशी बघा. ज्या दाराखाली उजेडाची रेघ दिसते, त्या दाराला दुसऱ्याच दिवशी रबरी पट्टी लावून घ्या, आणि बूट घालण्याआधी झटकायची सवय त्याच रात्रीपासून मुलांना लावा.